भातुकली उधळू नका

तीन वर्षांच्या लेकराची भातुकली उधळून हाती पाटी कोंबणाऱ्या शिरगावच्या पालकहो, तुमचा हा उतावीळपणा मला मान्य नाही. खोटा भात चौघांना पुरवताना मूल मोजते, वाटते, दुसऱ्याच्या मनात शिरते. मांजराचे पिलू किती अलगद धरावे, हे कोणते पुस्तक शिकवील? फेर धरताना ते इतरांची लय सांभाळते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी काढली, ती पाड्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुराख्या पोरांसाठी कुरणशाळा भरली. गुरे शिक्षणाच्या आड आली नाहीत! २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही या वयाला खेळच सांगते. नाताळच्या नाटुकलीत मेंढपाळ झालेल्या बाळाला तुम्ही टाळ्या देता. मग तोच खेळ जूनमध्ये वेळेचा अपव्यय कसा ठरतो?