चार हजार मैलांची वाट

दिवाळीची सुटी लागली की आमच्या कॉलेजातल्या मुलामुलींचे पाय शिवशिवू लागतात. चिवड्याचा डबा पाठीवरच्या पिशवीत कोंबायचा, पहाटेची गाडी गाठायची आणि राजगडाची नाही तर हरिश्चंद्रगडाची वाट धरायची! परत आल्यावर ती आम्हां मास्तर मंडळींना सांगतात, "सर, वर गेलं की मन कसं हलकं होतं! देव आहे असं वाटतं." गुडघे कुरकुरत असले तरी वर्षाकाठी एखादा गड मीही चढतो, तेव्हा ह्या हलकेपणाची साक्ष मलाही देता येईल. पण त्याला श्रद्धा म्हणावे की भरल्या पोटाचे समाधान म्हणावे, हा प्रश्न मला नेहमी पडतो. पाठीवर डबा असतो आणि परतीची गाडी ठरलेली असते!

ज्याच्यापाशी डबा नाही आणि परतायला घरही नाही, अशा माणसाला चालता चालता काय सापडते? मराठी माणसाला ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे आयुष्य त्याने आपल्यापुढे मांडूनच ठेवले आहे.

रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याला केडगाव आठवते, त्यांच्या धर्मांतराने पुण्यात उठलेले वादळ आठवते. त्यांच्या पायांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. १८५८ साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवण्याचे धाडस त्यांनी केले, आणि त्यासाठी पंडितांपुढे उभे राहून शास्त्राधारही दिले. घरातला पैसा सरला तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. धाकटी रमा त्या वेळी अवघी सहा महिन्यांची होती; वेताच्या टोपलीत घालून तिला मजुराच्या डोक्यावरून नेले. त्यानंतर एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला, हाच त्यांचा संसार. देवळात पुराण सांगावे आणि श्रोते जे पुढे ठेवतील त्यावर भागवावे.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. गाठीचे होते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले. देव पावेल ही आशा होती. शेवटी ही माणसे रानात गेली. अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर! दृष्टी गेलेल्या वृद्ध शास्त्रीबुवांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचे ठरवले. मुलाने, श्रीनिवासाने, मी मजुरी करीन म्हणून त्यांना परतवले. पण थोड्याच दिवसांत ते गेले. जाताना त्यांनी लाडक्या धाकट्या लेकीला जवळ घेतले आणि आपण तिला ईश्वराच्या हाती सोपवले आहे, तिने त्याचीच सेवा करावी, असे सांगितले. काही आठवड्यांनी आई अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला सोळा वर्षांची रमा एका घराच्या दारात गेली. लाजेने तोंडातून शब्द फुटेना. घरच्या बाईने बाजरीची भाकरी दिली, पण ती खाण्याचे त्राण आईला उरले नव्हते. तिची तिरडी उचलायला दोन परके ब्राह्मण कसेबसे मिळाले. तिसरा श्रीनिवास, आणि चौथी रमा! उंची पुरेना, म्हणून तिने ती तिरडी डोक्यावर धरून स्मशान गाठले. पुढे थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली. उरली ती दोघे भावंडे.

ही दोघे सुमारे ४००० मैल चालली. मद्रासकडून मध्य प्रांत, राजपुताना, पंजाब, आणि शेवटी १८७८ साली कलकत्ता. भिजवलेल्या मूठभर हरभऱ्यावर दिवस काढावा; तेही नसले तर काटेरी झुडपांवरची बोरे साली-बियांसकट गिळावीत. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा दोन खड्डे खणून त्यांत उतरले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. डोकी तेवढी बाहेर!

एवढे चालून रमाबाईंना काय मिळाले? त्यांनीच पुढे प्रांजळपणे सांगितले आहे की, ह्या भटकंतीत लहानपणापासूनचा विश्वास हळूहळू विरत गेला. सगळे उपास केले, सगळी तीर्थे झाली, आणि पदरी काही पडले नाही. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. दुष्काळात पोटासाठी धर्म सोडला, असा टोमणा आपल्याकडे सर्रास मारला जातो. रमाबाईंच्या बाबतीत तो अजिबात लागू पडत नाही. पोटात आग होती तेव्हा त्यांनी धर्म बदलला नाही, जातीचे नियमही मोडले नाहीत. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो १८८३ साली, इंग्लंडात वाँटेजला, जेव्हा पोटाची विवंचना उरली नव्हती. तोवर भाऊ १८८० मध्ये गेला होता, पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये गेले होते आणि पदरात लहानगी मनोरमा होती.

हा पालट घडला कसा? लंडनजवळ फुलम येथे जोगिणींनी चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे माणूस म्हणून वागवले जाई. ह्या बायकांची तुम्हांला काळजी का, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा तिच्या सुरुवातीशीच थबकतो. येशू चालून चालून दमला आहे. भर दुपारी विहिरीच्या काठावर बसला आहे, आणि ज्यांच्या हातचे पाणी त्याचे लोक घेत नसत अशा जमातीतल्या एका बदनाम बाईजवळ तो पाणी मागतो आहे! रमाबाईंच्या मनात त्या क्षणी काय आले ते त्यांच्यापाशी. पण ४००० मैल चाललेल्या बाईला, दारात उभे राहून भाकरी मागताना वाचा गेलेल्या मुलीला, थकून पाणी मागणारा देव किती जवळचा वाटला असेल, ह्याची कल्पना मी करू शकतो.

म्हणून त्या गप्प बसून सगळे स्वीकारणाऱ्या झाल्या, असेही नाही. शाकाहार त्यांनी सोडला नाही, आणि धर्मगुरूंशी तत्त्वांवरून भांडणेही थांबली नाहीत. खरा ख्रिस्त आपल्याला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी भेटला, असे त्या म्हणत. पायी चालायची सवय झालेले माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर बसून मुक्कामाला पोचत नाही.

ह्या श्रद्धेची परीक्षा झाली १८९६-९७ च्या दुष्काळात. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या विधवा नि पोरक्या मुली शेकड्यांनी घेऊन आल्या. केडगावच्या माळावर त्यांना घर मिळाले. तिथे मुलींना लिहिणे-वाचणे तर शिकवलेच, शिवाय विणकाम, शेती, छापखान्यातली कामेही शिकवली. ह्यामागे जुनी जखम होती. आपल्या कुटुंबाला शास्त्रे मुखोद्गत होती, पण पोट भरण्याचे एकही काम येत नव्हते, आणि विद्येचा नि जातीचा अभिमान मजुरी करू देत नव्हता, हे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरचा कुलाचार चुकत नाही. रमाबाईंचा मार्ग प्रत्येकाने धरावा असे मला सुचवायचेही नाही. पण आशा म्हणजे काय, असे कोणी विचारले तर माझ्यापुढे उभा राहतो तो मजकूर जुळवणाऱ्या मुलींनी गजबजलेला केडगावचा छापखाना. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम रमाबाईंनी हाती घेतले होते. १९२१ साली मनोरमाही गेली. तरी ही साठी उलटलेली बाई मुद्रिते तपासत राहिली. काम हातावेगळे झाले आणि १९२२ च्या ५ एप्रिलला त्यांनी डोळे मिटले. वडिलांनी रानात सांगितलेली सेवा त्यांनी अखेरपर्यंत केली. फक्त त्यांची वाट वडिलांनी कधी पाहिली नव्हती.