रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकांची तपासणी

निबंधाच्या गुणांविषयीं वाद निघाला म्हणजे लोक म्हणतात कीं, रुचि भिन्न म्हणून गुण भिन्न. परंतु रसायनशास्त्र हें मोजमापाचें शास्त्र; त्यांतील उत्तर बरोबर तरी असतें किंवा चूक तरी असतें; तेथें परीक्षकाच्या लहरीस वाव तो कसला, अशी समजूत चांगल्या सुशिक्षितांतही रूढ आहे. ही समजूत खोटी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. व ती खोटी असूनही टिकून राहिल्यामुळें दर वर्षीं बारावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलामुलींपैकीं कित्येकांचें नुकसान निमूटपणें होत असावें, अशी आम्हांस भीति वाटते.

एक साधें उदाहरण घेऊं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या २५ मिलिलिटर द्रावणाचें उदासिनीकरण करण्यास ०.१ मोलर सल्फ्यूरिक आम्ल २० मिलिलिटर लागलें. तर त्या द्रावणाच्या एका लिटरांत सोडियम हायड्रॉक्साइड किती ग्रॅम आहे, असा चार गुणांचा प्रश्न आहे असें समजा. समीकरण लिहावयाचें, आम्लाचे मोल काढावयाचे, त्यांवरून द्रावणाची मोलरता ठरवावयाची आणि शेवटीं ग्रॅम सांगावयाचे, अशा चार पायऱ्या, उत्तर ६.४ ग्रॅम. एका मुलीनें समीकरण अचूक लिहिलें, आम्लाचे ०.००२ मोल बरोबर काढले. परंतु एक मोल आम्लास सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात, हें ती तिसऱ्या पायरीवर विसरली, व पुढचें गणित बिनचूक करून तिनें ३.२ ग्रॅम असें उत्तर दिलें. आतां तिला गुण किती द्यावे? एक परीक्षक म्हणेल, चूक एकच, तेव्हां वजा एकच, तीन द्यावे. दुसरा म्हणेल, चुकीच्या पायरीवर उभें असलेलें सारेंच चूक, दोन पुरेत. तिसरा खालचा आंकडा पाहून एका गुणावर बोळवण करील. तिघेही प्रामाणिक, तिघांसही विषय उत्तम येतो; आणि तरी त्या मुलीचें भवितव्य तिची पत्रिका कोणत्या गठ्ठ्यांत पडली यावर अवलंबून राहतें! इंग्लंडांतील परीक्षामंडळांनीं या गोष्टीचा निकाल केव्हांच लावला आहे. पुढें वाहत आलेल्या चुकीस दंड एकदांच, असें त्यांच्या गुणदानाच्या आराखड्यांत जागोजाग लिहिलेलें असतें.

जेथें नमुना उत्तर हातीं असतें तेथेंही घोटाळा संपत नाहीं. प्रमाण तापमान व दाब असतां एक मोल वायूचें आकारमान २२.४ लिटर, हें वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेलें आहे. परंतु शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघानें १९८२ सालीं प्रमाण दाब एक वातावरणाऐवजीं एक बार असा ठरविला, व त्या हिशेबानें तें आकारमान २२.७ लिटर होतें. ज्या मुलानें दाब स्पष्ट सांगून २२.७ लिहिलें, त्याचा गुण नमुन्यांत २२.४ आहे म्हणून कापणें याला काय म्हणावें? तसेंच उत्प्रेरकाचें. 'क्रियेंत भाग न घेतां' हे शब्द ज्याच्या उत्तरांत आढळतात त्याला पूर्ण गुण, आणि उत्प्रेरक मधल्या पायऱ्यांत भाग घेतो, कमी ऊर्जेची वाट उघडून देतो व शेवटीं जसाच्या तसा परत मिळतो, असें अधिक खरें लिहिणाऱ्यास अर्धे! शब्द जुळवून पाहण्याचें काम तर कारकूनही करील. त्यासाठीं रसायनशास्त्राचा पदवीधर कशास पाहिजे?

परीक्षक अनुभवी असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवावा, असें यावर कोणी म्हणतील. अनुभवाविषयीं आम्हांस आदर आहे. पण त्याची परीक्षाही होऊन गेली आहे. अमेरिकेंत स्टार्च व एलियट यांनीं १९१३ सालीं भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे धाडली. गुण आले २८ पासून ९० च्या वर! पुढें १९३५ सालीं सर फिलिप हार्टॉग (हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ व ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरु) आणि रोड्स यांनीं याहून विलक्षण गोष्ट उजेडांत आणली. इतिहासाच्या १५ पत्रिका १४ परीक्षकांनीं तपासल्यावर वर्षाहून अधिक काळानें त्याच पत्रिका त्यांच परीक्षकांपुढें पुनः ठेवल्या, तेव्हां २१० पैकीं ९२ वेळां परीक्षकानें आपलाच पूर्वींचा निर्णय फिरविला. दुसऱ्याशीं मतभेद समजण्यासारखा आहे. परंतु हा स्वतःशींच झाला.

आपल्या राज्य मंडळाच्या पद्धतींत मुख्य नियामकांची बैठक भरते, नमुना उत्तरें ठरतात, आणि परीक्षकानें तपासलेल्या कांहीं पत्रिका नियामक पुनः पाहतो. ही व्यवस्था वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तिचा दोष एवढाच कीं, मतभेद उघडकीस येतो तो पत्रिका तपासून झाल्यावर, आणि तोही पाहिल्या तेवढ्याच पत्रिकांपुरता. त्यापेक्षां आरंभींच सर्व परीक्षकांस त्याच दहाबारा पत्रिका तपासावयास द्याव्या, गुण फळ्यावर शेजारीं शेजारीं मांडावे, आणि जेथें अंतर पडेल तेथें वाद घालून नमुना उत्तर दुरुस्त करून मगच गठ्ठे सोडावे. अनपेक्षित पण शुद्ध रीतीनें सोडविलेलीं उदाहरणें याच वेळीं सांपडतात. शिवाय, एका परीक्षकानें सबंध पत्रिका तपासण्याऐवजीं एकच प्रश्न शेंकडों पत्रिकांत तपासला, तर पहिल्या उत्तराच्या सुबकपणाची छाया पाचव्यावर पडत नाहीं. यास एकदोन दिवस अधिक लागतील हें खरें. निकाल एकदोन दिवस उशिरा लागल्यानें कोणाचें बिघडतें?

राहतां राहिला गरिबाचा प्रश्न. छायाप्रत मागावी, पुनर्मूल्यांकन करवून घ्यावें, ही सोय मंडळानें ठेविली आहे. आणि तपासलेली पत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानेंही २०११ सालीं मान्य केला आहे. पण प्रत्येक विषयास शुल्क भरावयाचें, मुदत थोडी, आणि छायाप्रत हातीं आल्यावर तींत अन्याय कोठें झाला हें ओळखून देणारा जाणता माणूस पाहिजे. शहरांतल्या शिकवणीच्या वर्गांत असा माणूस असतो; गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आडगांवीं शेतमजुराच्या मुलीनें तो कोठून आणावा? म्हणून रसायनशास्त्रांत पांच गुणांच्या आंत नापास झालेल्या प्रत्येकाची पत्रिका मंडळानें आपण होऊन, अर्जाची वाट न पाहतां, दुसऱ्या परीक्षकाकडून पहिल्याचे गुण झांकून तपासवावी. आणि पायरीवार गुणांसह नमुना उत्तरें निकालाच्याच दिवशीं प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकावर लावावीं. पुढील परीक्षेस अद्याप अवकाश आहे, तोंवर मंडळानें या दोन सूचनांचा विचार करावा.