डायलिसिस फुकट, अन् किडनी वाचवणारी तपासणी खिशातून?

आपल्या जिल्ह्यात तीन दुखण्यांची तीन उत्तरं तयारच असतात. केस गळाले? गहू. पाय सुजले? पाणी. सांधे धरले? चिकनगुनिया. डॉक्टरकडे जायच्या आधीच पारावर निदान होऊन जातं.

ही उत्तरं हवेतून आलेली नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस मुठीनं हातात यायला लागले. आयसीएमआरचं पथक आलं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी गहू, रक्त आणि केस तपासून सेलेनियमकडे बोट दाखवलं. संग्रामपूर-जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजारानं घरंच्या घरं बसली, तेही आपण पाहिलंय.

पण याच तयार उत्तरांच्या आड एक आजार मजेत लपून बसतो. ल्युपस.

ल्युपस म्हणजे कुंपणानंच शेत खाणं. रोगाशी लढायची शरीराची ताकद स्वतःच्याच शरीरावर उलटते. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन उमेदीतल्या. केस गळतात, सांधे दुखतात, बारीक ताप राहतो, उन्हात गेलं की चेहऱ्यावर चट्टे येतात. किडनीवर गेला की पाय सुजतात. म्हणजे आपल्याकडची तिन्ही तयार उत्तरं एकाच बाईला लागू! माझ्या मावसबहिणीची दोन वर्षं अशीच गेली. "पान्यानं झालं असन बाई, फिल्टरचं पानी पे." निदान शेवटी मोठ्या शहरात झालं.

आता खरी गोष्ट ऐका. ल्युपसचं निदान झालं म्हणजे काम संपत नाही, तिथून सुरू होतं. हा आजार शांत बसतो, पुन्हा उसळतो. आपण पावसाळ्यात खडकपूर्णाची पातळी रोज मोजतो ना? कशासाठी? दरवाजे कधी उघडायचे ते कळावं म्हणून. ल्युपसमध्ये ती पातळी रक्तात मोजावी लागते.

आजार उसळला की रक्तातली सी-३ आणि सी-४ ही प्रथिनं खर्ची पडतात, त्यांचे आकडे घसरतात. अँटी डीएस-डीएनए नावाची प्रतिपिंडं बऱ्याच जणींत वाढतात. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट कमी होऊ शकतात. लघवीतून प्रथिनं जायला लागतात. पुष्कळदा हे सगळं पाय सुजायच्या आधी दिसतं. वेळ हातात असते ती तेव्हाच.

आणि आपल्याकडे काय होतं? एकदा पॉझिटिव्ह आलेली एएनए तपासणी पुन्हा पुन्हा करायला लावतात. एएनए निदानाला उपयोगी, पण आज आजार किती जोरात आहे हे ती सांगत नाही. नाहीतर सीआरपी करतात, ते नॉर्मल आलं की "काही नाही, घरी जा". अहो, ल्युपस उसळला तरी सीआरपी कित्येकदा नॉर्मलच असतं! उलट ते खूप वाढलं तर आधी जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागते. हा फरक कागदावरचा नाही. ताप ल्युपसचा समजून स्टेरॉइड वाढवलं आणि निघाला जंतुसंसर्ग, तर जिवाशी खेळ होतो.

बहिणीला दर वेळी एका सरकारी दवाखान्यात एकच उत्तर मिळतं: "हे इथं होत नाही, बाहेरून करून आणा." बाहेर म्हणजे खाजगी लॅब. सोयाबीन सोंगणीची कित्येक दिवसांची मजुरी एका बिलात. मग बाई काय करते? या खेपेला राहू द्या म्हणते. पुढच्या खेपेलाही तेच म्हणते.

तिची किडनी पूर्ण गेली तर? तर सरकार हजर आहे! महात्मा फुले योजनेत डायलिसिस आहे, जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसचा केंद्राचा कार्यक्रम २०१६ पासून आहे. चांगलंच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण आठवड्यात दोन-तीनदा, जन्मभर मशीनवर झोपवायला पैसा आहे आणि ती वेळ टाळू शकणाऱ्या चार नळ्या रक्ताला नाही, हा कुठला हिशोब?

काही जण म्हणतील, रुग्ण किती, उगाच कशाला एवढं? मोजल्याशिवाय किती ते कळणार कसं? आणि लॅबचं मशीन गावोगाव मागतंय कोण? सरकारी दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून नेणारी महालॅबची व्यवस्था आहे. त्याच गाडीत ही नळी जाऊ द्या.

काही डॉक्टर म्हणतील, नुसत्या आकड्यांवर इलाज होत नाही. शंभर टक्के मान्य. कुणाचं सी-३ कमी असूनही तब्येत ठणठणीत असते. आकडा आणि माणूस दोन्ही बघायला हवेत. पण आकडाच नसेल तर डॉक्टर बघणार काय?

म्हणून मागण्या साध्या आहेत.

१. निदान झालेल्या ल्युपस रुग्णांना सी-३, सी-४, अँटी डीएस-डीएनए आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा मोफत.

२. कोणत्या तपासण्या मोफत आहेत, त्याची मराठी यादी प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर.

३. बुलढाण्यात २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथं आठवड्यातला एक दिवस सांधे आणि ल्युपसच्या ओपीडीसाठी ठेवा.

४. खारपाणपट्ट्यात तरुण बाईची किडनी बिघडली तर "पाणी" म्हणून फाइल बंद करायच्या आधी ल्युपसची शंका घ्या.

अख्ख्या गावाचे केस गेले तेव्हा दिल्ली शेगावला आली. एकट्या बाईचे केस गळतात तेव्हा निदान जिल्ह्यानं तरी तिच्याकडे बघावं.

तुमच्या घरात, शेजारात कुणाला ल्युपस असेल तर तपासणी कुठं केली आणि किती पैसे गेले ते कमेंटमध्ये लिहा. रुग्णाचं नाव नको, तालुका पुरे. ती यादी घेऊन आपण जिल्हा शल्य चिकित्सकांना भेटू. आणि ज्या बहिणी औषध घेतायत त्यांनी ही पोस्ट वाचून गोळ्या कमी-जास्त करू नका, बंद तर मुळीच करू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांना फक्त एवढं विचारा: "माझं सी-३ किती आहे?"