दान नव्हे, परतफेड!

दिवाळी आली की आपल्या दातृत्वालाही उटणे लागते. मुंबईहून गाड्या निघतात, कर्जतच्या आसपासच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर फराळाची पाकिटे उतरतात, छायाचित्रे निघतात आणि दिवेलागणीच्या आत मंडळी घरी परततात. बरोबर एखादा नामांकित खेळाडू असला तर मग विचारूच नका! भिसेगावच्या पोराच्या हाती बॅट पडली, की सगळ्यांना धन्य वाटते. ती घेऊन त्याने खेळायचे कोठे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

खेळाडूंनी देऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. सुनील गावसकरांनी २०१९ साली, सत्तराव्या वाढदिवसाला, ३५ मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचा खर्च उचलला. कसोटीतली ३४ शतके आणि एकदिवसीय सामन्यातले एक, असा तो हिशेब. आणि ते रुग्णालय आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला. सचिन तेंडुलकरांनी 'अपनालय' संस्थेमार्फत वर्षाला २०० मुलांचा भार घेतला. अशांना नावे ठेवील त्याची जीभ झडो!

आमचे भांडण आहे ते 'दान' या शब्दाशी. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. गोळेश्वरचा हा पैलवान स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आला, आणि कुस्त्यांचे फड लावून त्याने ते पैसे परत केले. हे काय दान झाले? छे! हे ऋण फेडणे झाले. दानात घेणाऱ्याची मान खाली जाते. परतफेडीत दोघांचीही ताठ राहते.

मग आजच्या क्रिकेटपटूचा सावकार कोण? शिवाजी पार्क! ते कोणाचे खाजगी अंगण नव्हे, साऱ्या लोकांची जागा आहे. ते नसते तर आचरेकर सरांनी यष्टीवर रुपया ठेवला असता कोठे? भांडवल मैदानाचे, तेव्हा फेडही मैदानानेच व्हावी.

आणि ऋणको काय एकटा खेळाडूच? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण सांगितले. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला लावले. त्यात ग्रामीण खेळांचे शिक्षणही बसते. कायदा आहे, पैसा आहे. कर्जतच्या परिसरात फार्महाउसांना जमीन सापडते. तेरा मीटर लांब नि दहा मीटर रुंद कबड्डीच्या अंगणालाच तेवढी ती सापडू नये?

कोणी म्हणेल, मैदान होईतो बॅट तरी घेऊ द्या. घ्या की! पण वाचकहो, यंदा वाडीवर फराळ पोचविलात तर परतताना ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची पायरी चढा आणि विचारा, "पोरांचे मैदान कोठे आहे?" फराळ चार दिवसांत संपतो, राखलेले मैदान नातवंडांनाही पुरते.