हिशेबाची वही : पॉइंट्स कोणाच्या नावावर?

यंदा मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे चौघीजणी होत्या. मसालेभाताचा वास सुटला होता, पण विषय चालला होता क्रेडिट कार्डांचा. एकीने पर्समधून धातूचं कार्ड काढून टेबलावर टाकलं, ते चांगलं खणकन वाजलं. दुसरी म्हणाली, "आमच्याकडे चार लाख पॉइंट्स पडून आहेत. बघू, कधीतरी बिझनेस क्लासने जाऊ भारतात." मी विचारलं, "कधीतरी म्हणजे कधी?" ती हसली. मग मागे वळून तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो, आपले पॉइंट्स नक्की किती आहेत हो? लॉगिन तुमच्याकडेच आहे ना?"

गेल्या वर्षी या सदरात एनआरई आणि एनआरओ खात्यांचा घोळ सोडवला, तेव्हा बऱ्याच जणींनी कळवलं होतं की पुढच्या वेळी कार्डांवर लिही. लिहिणारच होते. पण रांगेतला तो शेवटचा प्रश्न ऐकल्यावर कुठून सुरुवात करायची ते ठरलं.

आधी पॉइंट्स म्हणजे काय ते बघू. नाशिकला मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवायचे. पैशाची कार्यं शिकवताना फळ्यावर चार गोष्टी लिहायचे, त्यातलं एक म्हणजे मूल्यसंचय. पैसा आज ठेवला तर उद्याही साधारण तितक्याच मोलाचा राहिला पाहिजे. पॉइंट्स नेमके इथे नापास होतात. ते छापणारा आणि त्यांचा भाव ठरवणारा एकच असतो, आणि भाव बदलताना तो तुम्हाला विचारत नाही. पूर्वी एअरलाइन्सचे ठरीव तक्ते असायचे, अमुक देशाला जायला अमुक माइल्स. डेल्टाने २०१५ मध्ये ते तक्ते काढून टाकले, युनायटेडने २०१९ मध्ये. आता माइल्समधला भावही रोज हलतो. माझे स्वतःचे एका हॉटेल कंपनीचे पॉइंट्स होते, पाच रात्रींचे म्हणून जपून ठेवलेले. एका सकाळी उठून बघते तर तेवढ्यात चारच रात्री बसत होत्या. साखरेचा भाव वाढला की आपण निदान कुरकूर करतो. इथे कुरकूर करायला दुकानदारही समोर नसतो. म्हणून ते चार लाख "पडून" आहेत याचं मला कौतुक वाटलं नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या पनीरसारखं आहे ते, आजच बिघडेल असं नाही, पण लोणच्याच्या बरणीसारखं वर्षानुवर्षं टिकेल असंही नाही.

दुसरी गोष्ट, पॉइंट कुठे खर्च केला त्यावर त्याची किंमत ठरते. माझीच चूक सांगते. इथली पहिली काही वर्षं मला वाटायचं पॉइंट म्हणजे पॉइंट. एका दिवाळीला ऑनलाइन खरेदी करताना "पॉइंट्सने भरा" असं बटण दिसलं आणि मी तीस हजार पॉइंट्स देऊन टाकले. त्याचे मिळाले २१० डॉलर, म्हणजे पॉइंटमागे पाऊण सेंटसुद्धा नाही. त्याच पॉइंट्सचं विमानाचं तिकीट केलं असतं तर दुपटीने, कधी तिपटीने मोल आलं असतं. हिशेब सोपा आहे. तिकिटाच्या रोख किमतीतून पॉइंट्सच्या तिकिटावर भरावा लागणारा कर वजा करायचा आणि राहिलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागायचं. उत्तर दीड सेंटच्या वर आलं तर मी पॉइंट्स वापरते, एकच्या आसपास आलं तर पैसे देते. चौथीतल्या भागाकाराच्या पलीकडे यात काही नाही.

आता फी. चेस सफायर रिझर्व्ह २०१६ मध्ये निघालं तेव्हा वर्षाची फी ४५० डॉलर होती. २०२० मध्ये ती ५५० झाली, आणि जून २०२५ पासून ७९५. अमेक्स प्लॅटिनम ६९५ वरून ८९५ वर गेलं. त्या बदल्यात काय, तर कूपनं. दर महिन्याला १५ डॉलरची उबर कॅश, अमुक हॉटेलात सहामाही क्रेडिट, तमुक दुकानात तिमाही क्रेडिट. जाहिरातीत या सगळ्याची बेरीज फीच्या दुपटीहून जास्त दाखवतात. बेरीज बरोबर असते, पण ती तुमच्या घराची नसते. मी एक वर्ष असं कार्ड घेतलं होतं. महिन्याच्या तीस तारखेला रात्री दहाला केवळ क्रेडिट वाया जाऊ नये म्हणून पिझ्झा मागवताना लक्षात आलं, की नोकरी सोडून मी ही नवीनच, बिनपगारी नोकरी धरली आहे! तेव्हापासून नियम केला, कार्ड नसतं तरी जे विकत घेतलंच असतं तेवढंच धरायचं. या चाळणीतून कॅपिटल वनचं व्हेंचर एक्स आमच्या घराला परवडतं. फी ३९५, पण त्यांच्या पोर्टलवरून प्रवास घेतला तर ३०० परत, आणि दुसऱ्या वर्षापासून दरसाल दहा हजार माइल्स. आम्ही डिसेंबरमध्ये कुठेतरी जातोच, त्यामुळे ते ३०० खरे. तुम्ही वर्षभर घरीच असाल तर खोटे. ज्यांना हे काहीच नको त्यांनी ९५ डॉलरचं सफायर प्रिफर्ड घ्यावं. पॉइंट्स एअरलाइनकडे पाठवायची सोय त्यातही तीच आहे. किराण्याबद्दल एवढंच, की अमेक्स गोल्डचे चौपट पॉइंट्स सुपरमार्केटला मिळतात, टार्गेट-वॉलमार्टला नाहीत. आणि कॉस्टकोच्या दुकानात अमेक्स चालतच नाही, तिथे व्हिसाच लागतं.

हे सगळं कोणीही सांगेल. मला खरं सांगायचं आहे ते गेल्या फेब्रुवारीतलं.

रात्री दोनला फोन वाजला. आपल्यापैकी प्रत्येकाला तो दोनचा फोन माहीत आहे, तेव्हा अधिक लिहीत नाही. दादा होता. बाबांच्या छातीत दुखत होतं, आयसीयूत नेलं होतं, अँजिओप्लास्टी करायची होती. "ये म्हणत नाही," तो म्हणाला, "पण बघ." माझा नवरा त्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोहून नेवार्कला येणाऱ्या विमानात होता, फोन बंद. मुलगी शेजारच्या खोलीत झोपलेली. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला.

जायचं कधी ते माहीत होतं, परत कधी यायचं ते नव्हतं. एकेरी तिकीट हवं होतं, आणि आयत्या वेळचं एकेरी तिकीट म्हणजे जाऊन-येऊनच्या तिकिटाइतके पैसे, कधी त्याहून जास्त. त्या संध्याकाळचं नेवार्क-फ्रँकफर्ट-मुंबई १,४६० डॉलर दिसत होतं. पॉइंट्सची गंमत ही, की तिथे बहुधा एकेरी तिकीट म्हणजे खरंच अर्धं तिकीट. शिवाय न विकलेल्या सीट्स शेवटच्या काही दिवसांत कधीकधी पॉइंट्सवाल्यांना मोकळ्या होतात. चेसचे पॉइंट्स मी एअर कॅनडाच्या एरोप्लानमध्ये पाठवले. एअर कॅनडा, लुफ्तान्सा, युनायटेड आणि २०१४ पासून एअर इंडिया हे सगळे एकाच स्टार अलायन्समध्ये आहेत, त्यामुळे एकाच्या माइल्सवर दुसऱ्याचं तिकीट मिळतं. तेच विमान ५५ हजार पॉइंट्स आणि ९० डॉलर कर एवढ्यात मिळालं. भागाकार करून बघा, पॉइंटमागे अडीच सेंटच्या जवळ येतं. मी मात्र तेव्हा भागाकार केला नव्हता. तीनला दहा मिनिटं कमी असताना तिकीट हातात होतं. परतीच्या व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर अजून शिल्लक होता, हे माझं दुसरं नशीब.

सहाला नवरा उतरला, त्याने फोन लावला तेव्हा मी बॅग भरत होते. "थांब, मी तिकीट बघतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "झालंय."

तो चांगला माणूस आहे, त्याने काही अडवलं असतं असं नाही. पण त्या रात्री मी त्याच्यासाठी थांबले असते तर ती सीट गेली असती. आणि थांबावं लागलंच असतं, जर ते पॉइंट्स त्याच्या नावावर असते. २०१६ मध्ये मी एच-४ वर आले तेव्हा मला सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता. नवऱ्याच्या खात्यावरचं जादा कार्ड माझ्या नावाने आलं. त्यावर माझं नाव होतं, भाजी-दुधापासून सगळा खर्च मी त्यावर करत होते, आणि पॉइंट्स जमत होते त्याच्या लॉगिनमध्ये. जादा कार्डाचा नियमच तो आहे. त्याचा एक फायदा जरूर होतो, बहुतेक बँका ते आपल्या क्रेडिट रिपोर्टवर कळवतात, म्हणजे आपली पत हळूहळू तयार होते. पण पत म्हणजे हक्क नव्हे.

नंतर ईएडी आलं, नंबर आला, तरी मी दोन वर्षं अर्ज केला नाही. कारण फॉर्मवर "तुमचं वार्षिक उत्पन्न" असा रकाना होता, आणि तिथे शून्य लिहायचं माझ्या जिवावर यायचं. पाच वर्षं पगार घेतलेली बाई मी! आणि इथेच मला एक गोष्ट माहीत नव्हती, जी आपल्या मंडळातल्या निम्म्या जणींना अजून माहीत नाही. २००९ च्या कार्ड ॲक्टनंतर आलेल्या नियमांत अर्जदाराचं स्वतंत्र उत्पन्न बघायचं ठरलं आणि त्यात घर सांभाळणाऱ्या बायका-पुरुषांची पंचाईत झाली. २०१३ मध्ये कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोने तो नियम बदलला. आता एकवीस वर्षांवरच्या अर्जदाराला घरातलं जे उत्पन्न आपल्याला वापरता येतं, तेही धरता येतं. नवऱ्याचा पगार ज्या जॉइंट खात्यात येतो आणि जिथून तुम्ही घर चालवता, ते यात बसतं. यात लबाडी नाही, नियम तसाच आहे. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना काही बँका आयटीआयएनवरही कार्ड देतात. आधी बिनफीचं साधं कार्ड घ्या, वर्षभर पूर्ण बिल वेळेवर भरा, मग पुढचं. चेसचं घ्यायचं असेल तर ते आधी घ्या, कारण चोवीस महिन्यांत कोणत्याही बँकांची पाच नवी कार्डं झाली असतील तर चेस सहसा नाही म्हणतं. नवऱ्याकडे तेच कार्ड असेल तर त्याच्या रेफरलवरून अर्ज करा, त्यालाही बोनस मिळतो आणि तुम्हालाही.

शुक्रवारी पहाटे मुंबईला उतरले आणि कसारा घाट चढून उजाडता उजाडता नाशिकला पोचले. स्टेंट बसला होता. बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो, "तिकीट कितीला पडलं?" जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यात आयुष्य गेलेला माणूस. मी म्हटलं, "नव्वद डॉलर." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "बाकीचे कोणी भरले?"

तीन आठवडे होते मी तिथे, आणि या प्रश्नाने पाठ सोडली नाही. उत्तर असं, की आपण कार्ड घासलं की दुकानदार साधारण दोन ते तीन टक्के सोडतो, त्यातला मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. बँक त्यातून एअरलाइनकडून माइल्स विकत घेते. हा धंदा किती मोठा आहे पाहा, २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपला मायलेजप्लस कार्यक्रम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. दुकानदार ते दोन-तीन टक्के भावात धरतो, म्हणजे रोख पैसे देणाराही ते भरतो. आपल्या भाजीवाल्याकडे "कॅश दिल्यास तीन टक्के कमी" ही पाटी असते ना, ती याचीच. आणि उरलेले पैसे भरतात ते, ज्यांचं बिल महिन्याला पूर्ण फिटत नाही. व्याज वीस टक्क्यांच्या वर आहे. एका महिन्याची बाकी राहिली तर त्या महिन्यातले सगळे पॉइंट्स त्यात वाहून जातात. ज्यांच्याकडे बाकी राहते त्यांनी हा लेख इथेच मिटावा, आधी बाकी फेडावी. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गरिबाने भरले." मला प्रतिवाद सुचला नाही, अजूनही सुचलेला नाही. पॉइंट्स मी वापरते, पण "फुकट" हा शब्द तेव्हापासून वापरत नाही.

परतीचं तिकीट मी पैसे देऊन घेतलं. ६२० डॉलर, कारण पॉइंट्समध्ये तेही ५५ हजारच मागत होते आणि भागाकार सेंटच्या आसपास येत होता. तिथे असताना कार्ड वापरायचं तर परदेशी व्यवहाराची फी नसलेलंच वापरा, साध्या कार्डांवर ती तीन टक्के असते. आणि मॉलमध्ये मशीनने "डॉलर की रुपये" विचारलं तर रुपयेच म्हणा, डॉलरमध्ये दुकानाची बँक आपला भाव लावते.

आता आमच्या घरी ठरलं आहे, एका माणसाच्या एकेरी तिकिटाइतके पॉइंट्स माझ्या खात्यात आणि तितकेच त्याच्या खात्यात कायम ठेवायचे, बँकेकडेच, कोणत्याही एका एअरलाइनकडे न पाठवता. त्याच्या वरचे वर्षाच्या वर्षाला संपवायचे. यंदा त्यातूनच आई-बाबांची मेची तिकिटं काढली. आपल्या पॉइंट्सवर दुसऱ्याच्या नावाचं तिकीट काढता येतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. व्हीलचेअरची विनंती मात्र एअरलाइनला वेगळी कळवायची, विसरू नका.

तिकिटं झाल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी चष्मा लावला, आपली निळी डायरी उघडली आणि मला दाखवून एक ओळ लिहिली. मी स्क्रीनवरून वाचली. "तिकिटे दोन. आकार भरला : १८० डॉलर. बाकी : चौकशी चालू."