राजद्रोह आणि खिलाफत

कोलकात्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जानेवारी १९२२ मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांनी केलेले निवेदन ‘कौल-ए-फैसल’ या नावाने ओळखले जाते. आरोप राजद्रोहाचा, कलम १२४ अ. सरकारला जुलमी म्हटल्याचे त्यांनी नाकारलेच नाही. आरंभीच्या खलिफांची सत्ता लोकसंमतीवर उभी होती, पुढे ती घराण्याची मालमत्ता झाली. तरीही मुस्लिम राज्यकर्त्यांना तोंडावर जुलमी म्हणणारे निघाले, मग इंग्रजांची काय कथा, असा त्यांचा युक्तिवाद.

हे चित्र काहीसे उजळ होते. तिसरे खलिफा उस्मान यांना बंडखोरांनी ६५६ मध्ये मदिनेत ठार केले, तेही त्या आरंभीच्याच काळात. इजिप्त आणि कूफा येथून सुभेदारांविरुद्ध तक्रारी आधी आल्या होत्या. बंड नंतर झाले. आयुष्यभर अर्जांवर शेरे मारलेल्या मला हा क्रम नजरेआड करता येत नाही.

आझादांना वर्षाची सक्तमजुरी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये १२४ अ ची अंमलबजावणी थांबवली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये ‘राजद्रोह’ हा शब्द नाही, शिक्षा मात्र जन्मठेपेपर्यंत आहे. टीका कोठे संपते आणि चिथावणी कोठे सुरू होते, हे आजही प्रथम पोलीस ठाण्यातच ठरते.