मुळशीत पडलेला पाऊस जातो कुठे? फुकट मिळणाऱ्या मॉडेललाही हे आधी सांगावं लागतं

२५ जुलै २०२४. सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर आणि लवासात ४५३ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. दोन्ही ठिकाणं मुळशी तालुक्यातली. त्याच दिवशी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. खडकवासल्यातून मुठेत सोडलेला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला होता.

पाऊस किती पडला ते मोजता येतं. तो कोणत्या नदीत, किती वाजता आणि किती पोचेल, हे आधी सांगायचं तर संगणकावरचं मॉडेल लागतं.

अशी मॉडेल्स आता 'ओपन सोर्स' मिळतात. म्हणजे त्यांचा कोड कुणीही फुकट घ्यावा, तपासावा, बदलावा. अमेरिकेत २०१६ पासून चालणारं 'नॅशनल वॉटर मॉडेल' सुमारे २७ लाख नदीखंडांचा अंदाज देतं आणि त्याचा गाभा असाच खुला आहे. त्यापुढची पायरी म्हणजे 'नेक्स्टजेन'. हे एक मॉडेल नाही, चौकट आहे. घाटातल्या खोऱ्याला एक गणित, सपाट मुलखाला दुसरं, आणि दोन्ही एकाच वेळी चालवायची. कुठल्याही कंपनीचं उपकरण घरातल्या सॉकेटमध्ये बसतं, कारण पिनांचं माप ठरलेलं असतं. इथेही मॉडेलं जोडायची रीत ठरलेली आहे, त्यामुळे जुन्या फोरट्रानमधलं मॉडेल आणि नवं पायथनमधलं एकत्र नांदतात.

हे सगळं लांबचं वाटेल, पण पुण्याच्याच सीडॅकने केंद्रीय जल आयोगाबरोबर महानदीच्या पुरासाठी 'अनुगा' हे ऑस्ट्रेलियात तयार झालेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरलं आहे. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी मात्र राज्याच्या जलसंपदा विभागाची यंत्रणा डेन्मार्कच्या डीएचआय कंपनीच्या 'माइक' या परवान्याच्या सॉफ्टवेअरवर उभी राहिली. मुळशी याच भीमा खोऱ्यात येतं.

मग खुलं मॉडेल आणलं की झालं?

नाही. मॉडेल जमिनीचा उतार बघून पाणी वाहवतं. त्या हिशोबाने मुळशीचं सगळं पाणी मुळा नदीतून पुण्याकडे यायला हवं. प्रत्यक्षात ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, ते टाटांचं धरण पाणी उलट दिशेला, सह्याद्रीखाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या वीजघराकडे नेतं. ते पाणी पुढे कोकणात जातं. मुळेच्या वाट्याला येतं ते धरणाच्या दारांतून सोडलेलं आणि धरणाखालच्या ओढ्यांचं. लवासाची गोष्ट आणखी वेगळी. तालुका तोच, पण तिथलं पाणी वरसगाव धरणातून खडकवासल्याकडे आणि तिथून मुठेत येतं.

म्हणजे उतार आणि पाऊस बरोबर भरूनही मुळेच्या पुराचं उत्तर चुकेल. भिऱ्याची टर्बाइनं किती पाणी ओढतायत आणि धरणाची दारं किती उघडली, हे दर तासाला मॉडेलला कळायला हवं. हे कुठल्याही कोडमध्ये लिहिलेलं नसतं, ते धरण चालवणाऱ्याकडे असतं.

बाणेर किंवा औंधमध्ये नदीकाठी राहणारा एखादा इंजिनिअर आज रात्री नेक्स्टजेनचा कोड लॅपटॉपवर उतरवून घेऊ शकतो. मुळशीच्या विसर्गाचा आकडा मात्र त्याच्याकडे बहुतेक वेळा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत आलेल्या सूचनेतूनच पोचतो.